आधी काय

तीन दिवस हरमटान वाळवंट चाळतोय.
तमालेच्या छपरांवर, जाळीवर, ओठांवर
पिठासारखी बारीक धूळ,
आणि सुहुयिनी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहितेय:
पोटॅशियम शिरेत थेट कधीही नाही.
‘कधीही’च्या खाली दोन रेघा.

इन्सुलिन भरताना आधी नितळ, मग गढूळ.
(नदीचं उलटं. व्होल्टा आधी गढूळ येते,
नितळायला महिने लावते.)
डिजॉक्सिनआधी पूर्ण मिनिटभर छातीवर कान,
ठोके साठाच्या खाली, तर गोळी परत डबीत.
रक्त चढवताना पहिली पंधरा मिनिटं
खाटेपासून हलायचं नाही.
कुणी हाक मारली तरी नाही.

परीक्षेला अकरा दिवस.
शेजारच्या खाटेवरची नापारी गेल्या वर्षी चार गुणांनी राहिली.
म्हणते, उत्तरं येत होती गं मला.
चारही पर्याय बरोबर असतात, तिथंच तर मेख आहे.
ते एवढंच विचारतात: आधी काय?
श्वासाची वाट, सुहुयिनी म्हणते. मग श्वास. मग रक्त.
आणि ओरडणारी बाई?
ओरडतेय ना, म्हणजे वाट मोकळी आहे.
दोघी हसतात.
मग वीज जाते, आणि अंधारात
त्या हसण्याची जराशी लाज वाटते.

रात्रपाळी. सातवी खाट.
मेमुनातू, वय एकोणीस, पहिलटकरीण.
सकाळी झटक्यात जीभ चावली गेली,
बाळ मात्र ठणठणीत, कापडात गुंडाळलेलं,
साऱ्या वॉर्डाला शिव्या घातल्यासारखं रडणारं.
मॅग्नेशियम दर चार तासांनी, आज या कुल्ल्यात, मग त्या.
दोनचा डोस भरून तयार आहे.
दाराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत सासू,
तिनं तीनदा विचारलंय, सुई कधी?

गुडघ्यावर मारायची हातोडी केव्हाच हरवलीय.
सुहुयिनी स्टेथोस्कोपच्या कडेनं
वाटीखालच्या त्या मऊ जागी टकटक करते.
पाय हलत नाही.
पुन्हा.
माझंच चुकत असेल. दुसरा गुडघा.
तोही तसाच, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.
लघवीची पिशवी उचलून बघते:
चार तासांत अर्धा कप, तोही भरत नाही.
घड्याळ धरून श्वास मोजते.
मिनिट इतकं लांब असतं हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.
नऊ. दहा.
अकरा.

मागे अझारा मॅडम. पंचवीस वर्षांची नोकरी,
चप्पल घासत चालणाऱ्या,
विद्यार्थिनींना नावानं नाही, खाटेच्या नंबरानं हाक मारणाऱ्या.
“सात, दोन वाजले.”

“डोस देणार नाही,” सुहुयिनी म्हणते.
विचारलं नाही तिनं. सांगितलं.

मॅडम एकदा गुडघ्याकडे बघतात, एकदा तिच्याकडे,
आणि उशाशी चिकटपट्टीनं लावलेल्या डबीतून
कॅल्शियमची अँप्यूल काढतात. मान मोडल्याचा बारीक आवाज.
“हळू. दहा मिनिटं घेऊन.
नापारीला म्हणावं ऑक्सिजन आण, डॉक्टरला उठव.
तू श्वास मोजत राहा.”

सासूनं चौथ्यांदा विचारलं, दिली का सुई?
नाही दिली.
का?
या ‘का’चं दागबानीत नीट उत्तर
तिला सापडेना. शेवटी म्हणाली,
आई, भरल्या भांड्यात आणखी ओतत नाहीत.
म्हातारीनं थोडा वेळ विचार केला
आणि खुर्ची दाराजवळ ओढून घेतली.

तक्त्यात दोनच्या चौकोनात सुहुयिनीनं लिहिलं: दिला नाही.
खाली सही. इतकी वळणदार
ती आजवर कशावरच उमटली नव्हती.

उजाडता उजाडता श्वास पंधरावर आले, मग सोळावर.
तिनं पुन्हा टकटक केली.
मेमुनातूचा पाय जेमतेम इंचभर उडाला,
आणि मेमुनातू डोळे न उघडता चिडून म्हणाली,
कोण मारतंय मला?

परतल्यावर कॅलेंडरच्या पानावर जागा उरली नव्हती.
तिनं फेब्रुवारी उलटला.
आधी गुडघा, असं लिहिलं,
आणि पेन हातातच असताना झोपली.